चेनसॉचा बार वाकला? फेकायच्या आधी हे बघा

मे २०२१, तौक्ते वादळ येऊन गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. आमच्या वाडीत उतरणाऱ्या पाखाडीवर, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेवर, जुना रायवळ आंबा आडवा पडला होता, बुंधा अलीकडच्या गडग्यावर (दगडी कुंपणावर), शेंडा पलीकडच्या गडग्यावर आणि मधे खालून माणूस वाकून जाईल एवढी जागा. लाईट नाही, रस्ता बंद, सगळे येऊन उभे आणि जो तो सल्ला देतोय. मी मशीन चालू केलं आणि सरळ वरून कापायला घेतलं. अर्ध्यावर गेलो आणि खोडाने बार, म्हणजे जिच्या कडेने चेन धावते ती लांब चपटी पट्टी, असा काही धरला की मशीन जागच्या जागी गप. मग जे करू नये तेच केलं, मागचं हँडल धरून वर-खाली हिसकलं, नाही निघालं तर खाचेत पहार घालून उचकटलं. मशीन निघालं. पण बार केळ्यासारखा.

नवीन मशीन घेतलेल्या जवळपास प्रत्येकाकडून हे एकदा तरी होतंच. आमच्याकडे निसर्ग वादळानंतर, म्हणजे जून २०२० नंतर, ज्यांनी आयुष्यात कोयत्यापलीकडे काही धरलं नव्हतं त्यांनीपण चेनसॉ घेतले आणि मग "बार वाकलाय, काय करू" हे दर पावसाळ्याच्या तोंडावर कोणीतरी विचारतंच. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. वाक डोळ्याला दिसतो म्हणून सगळे वाकाच्या मागे लागतात. बार सरळ करणं हे दहा मिनिटांचं काम आहे. खरं नुकसान खोबणीत झालेलं असतं, जिथे चेन धावते, आणि तिकडे कोणी बघतच नाही. सरळ दिसणारा पण खोबण बिघडलेला बार हा वाकड्या बारापेक्षा वाईट, कारण तुम्ही त्याच्यावर भरवसा ठेवून कापायला जाता.

अडकलेलं मशीन आधी नीट काढा

बार अजून खोडात असेल तर थांबा. इंजिन बंद करा. ओढू नका, पिरगाळू नका, पहार तर लांबच ठेवा. बाराच्या कव्हरचे दोन नट सोडले की कव्हर निघतं आणि मशीन मागे सरकवून बारातून मोकळं करता येतं, बार आणि चेन राहू दे खोडातच. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मशीन वाचतं, बाराचे बोल्ट वाचतात आणि मग कुऱ्हाडीने, दुसऱ्या मशीनने किंवा लाकडी पाचर मारून खाच उघडून बार सावकाश काढायचा. पाचर लाकडाची नाहीतर प्लास्टिकची हवी, लोखंडाची मारलीत आणि चुकून चेन तिला लागली तर दात गेले.

खोड दोन्ही टोकांना टेकलेलं असेल तर त्याची वरची बाजू दाबाखाली असते आणि खालची ताणात. वरून कापत गेलं की खाच मिटते. म्हणून वरून साधारण एक तृतीयांश कापायचं आणि उरलेलं खालून वर यायचं. एकाच बाजूला टेकून दुसरं टोक अधांतरी असेल तर बरोब्बर उलटं, आधी खालून थोडं, मग वरून. माझ्या आंब्याचं पहिलं प्रकरण होतं आणि मी वरूनच आरपार जायला निघालो होतो.

बार म्हणजे नक्की काय असतं

आपल्याकडे घरगुती आणि बागेच्या कामाला १६ ते २२ इंची बार चालतात आणि त्यातले बहुतेक तीन पातळ पत्रे एकावर एक ठेवून स्पॉट वेल्डिंगने जोडलेले असतात. मधला पत्रा थोडा अरुंद असतो, म्हणून कडेला जी फट राहते तीच खोबण. बाहेरच्या दोन पत्र्यांच्या कडा म्हणजे चेनचे रूळ. ह्या कडांना कारखान्यात पाणी दिलेलं असतं, म्हणजे त्या कडक केलेल्या असतात, बाकी बार त्यामानाने मऊ. काही जाड बार अखंड पोलादाचे असतात, ते जास्त सोसतात, पण वाकले की सरळ करायला तितकाच जोर लागतो.

आता विचार करा, तीन पत्र्यांची चळत वाकवली तर बाहेरचा पत्रा ताणला जातो, आतला दबतो आणि मधली फट कुठेतरी मिटते नाहीतर पसरते. पाहिजे तर एका वहीची तीन पानं एकत्र धरून वाकवून बघा, कडा एका रेषेत राहत नाहीत. अगदी तेच बारात होतं. त्यात पुन्हा उचकटताना पहार नेमकी कडेवर टेकलेली असते ते वेगळंच.

उघडा, धुवा, बघा

प्लगची टोपी काढून ठेवा, हातमोजे घाला, चेन उतरवा. बार डिझेलने आणि जुन्या टूथब्रशने धुवायचा. पेट्रोलने धुणारे आहेत पण पडवीत चूल पेटलेली असते आणि शेजारी कोणीतरी विडी ओढत असतो, त्यामुळे मी नाही सांगणार. खोबणीतला भुसा आणि ऑईलचा घट्ट झालेला चिखल काढायला पातळ पत्र्याची पट्टी किंवा हॅकसॉ ब्लेडचा तुकडा घ्या आणि टोकाच्या, म्हणजे नाकातल्या, स्प्रॉकेटपासून (चेन फिरवणारं दातेरी चाक) मागे ओढत आणा, उलटं केलं तर सगळी घाण स्प्रॉकेटच्या बेअरिंगमध्ये जाते.

बार पुसून कोरडा केल्यावर पहिलं काम, तडा शोधणं. साधी युक्ती आहे, जुने वेल्डर करतात ती. डिझेल किंवा रॉकेल बोटाने चोळा, पाच-दहा मिनिटं थांबा, फडक्याने खणखणीत कोरडं करा आणि वरून खडू घासा. तडा असेल तर आत मुरलेलं तेल बाहेर येऊन पांढऱ्या खडूवर केसासारखी काळपट रेघ उमटते. विशेषकरून वाक जिथे आहे तिथे, मागच्या लांब खाचेच्या कोपऱ्यांत आणि स्प्रॉकेटच्या रिव्हेटांभोवती बघा. रेघ दिसली की विषय संपला, बार भंगारात. वेल्डिंग करून आणतो म्हणणारे भेटतील, ऐकू नका. फुल थ्रॉटलला चेन सेकंदाला साधारण २० मीटर धावते, त्या वेगाला वेल्ड सुटली तर काय होईल ते तुम्हीच ठरवा.

मग वाक मोजायचा. स्वयंपाकघरातला कडप्प्याचा ओटा ह्याला एक नंबर (घरच्यांना विचारून, आणि खाली वर्तमानपत्र नको, ते सपाट राहत नाही). बार आडवा ठेवा, एका बाजूने बॅटरी मारा आणि दुसऱ्या बाजूने डोळा ओट्याच्या पातळीला आणून बघा, उजेड कुठून येतोय. पलटून पुन्हा बघा. काही बारांचं नाक किंवा रिव्हेट थोडं वर आलेलं असतं त्यामुळे ओट्यावर फसगत होते, तेव्हा मासेमारीचा तंगूस (नायलॉनचा दोरा) घ्या, बाराच्या मधोमध एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणून धरा, तंगूस आणि पत्रा यात फट कुठे आहे ते दिसतं. पोटाची बाजू, म्हणजे जिथे खोलगट आहे, तिथे सगळ्यात जास्त फट कुठे ते मार्करने खूण करा. फुगाऱ्याच्या बाजूलाही त्याच जागी खूण.

पीळ वेगळा बघायचा. मागच्या टोकाकडून, एक डोळा मिटून, बंदुकीसारखं नेम धरून बघा. नाक आणि मागचं टोक एकाच पातळीत दिसायला हवेत. नाक डावीकडे-उजवीकडे झुकलेलं दिसलं तर बार नुसता वाकलेला नाही, पिळलाय.

ठेवायचा की टाकायचा

माझा हिशोब असा. वाक लांबलचक असेल, म्हणजे अर्ध्या बारावर पसरलेली हलकी कमान, आणि मधली फट दोन-तीन मिलिमीटरच्या आसपास, तर निवांत सरळ होतो. पण एकाच जागी कोन पडला असेल, बोटाने चाचपलं तर कंगोरा लागतो असा, तर तिथले पत्रे आतून सुटलेले असतात. तो सरळ दिसेल, पण पुढच्याच अडकण्यात तिथेच वाकेल. स्प्रॉकेटच्या जवळचा वाक टाकाऊ. मागे जिथे मशीनला बसतो तिथला वाक टाकाऊ. कडा निळ्या पडल्या असतील तर त्यांचं पाणी उतरलंय, टाकाऊ. पीळ थोडा असला तर निघतो, पण वाक आणि पीळ दोन्ही असतील तर मी तरी वेळ घालवत नाही.

आणि खर्चाचं गणित पण करा. मशीन लोकल ५८ सीसीचं असेल तर साध्या बाराची किंमत आणि एका गड्याची दिवसाची मजुरी यात फार अंतर नसतं. मग अर्धा दिवस का घालवायचा? घालवायचा, कारण वादळानंतर रस्ता बंद असतो, दुकान तालुक्याला, आणि दारात झाड आडवं असतं. शिवाय एकदा स्वतः केलं की पुढच्या वेळी बार ओळखायला येतो. महागाचा चांगल्या कंपनीचा बार असेल तर मात्र प्रयत्न करायलाच हवा.

तापवायचं नाही

मी बार घेऊन आधी लोहारकाकांकडे गेलो होतो. म्हटलं, काका, भात्यावर धरा आणि दोन घाव घाला. त्यांनी बार हातात घेतला, कडेवर नखाएवढी कानस फिरवून बघितली, कानस नुसती सरकली, जेमतेम लागली.

"हिला पाणी आहे रे. तापवली की गेली. मग तुझी चेन हिला दोन दिवसांत खाऊन टाकेल."

"मग थंडच ठोकायचं?"

"ठोकायचं कशाला, दाब. घाई तुला आहे, लोखंडाला नाही."

कुठल्याही बाराला गॅस टॉर्च, भाता, चूल काही दाखवायचं नाही ते एवढ्यासाठी. सगळं काम थंड.

सरळ करणं: व्हाईस असेल तर

बेंच व्हाईस (टेबलाला बसवलेला शिकंजा) गावात फॅब्रिकेशनवाल्याकडे असतोच, घरी नसला तरी. कठीण लाकडाचे तीन तुकडे घ्या, ऐन, किंजळ, जुन्या वाशाचं काहीही चालेल, फक्त सागापेक्षा कडक बरं. तुकड्याची लांबी बाराच्या रुंदीपेक्षा कमी हवी. समजा बार अडीच-तीन इंच रुंद आहे तर तुकडा दीड-दोन इंचाचा. का, तर दाब मधल्या अंगावर यायला हवा, कडांवर नको. कडांवर दाब आला की खोबण मिटते आणि वाक काढता काढता दुसरंच दुखणं घेऊन बसता.

एक तुकडा फुगाऱ्याच्या खुणेवर. दोन तुकडे उलट्या बाजूला, खुणेच्या दोन्हीकडे, व्हाईसच्या जबड्याच्या टोकांना. तिन्ही बाराच्या रुंदीत मधोमध. हात तीनच लागतात आणि आपल्याला दोन, त्यामुळे कोणाला तरी धरायला घ्या किंवा तुकडे सेलोटेपने चिकटवा. आता हँडल आवळा, पकड बसली की अर्धा फेरा, दहापर्यंत मोजा, सोडा, ओट्यावर नेऊन बघा.

पहिल्या खेपेला काहीच झालेलं दिसणार नाही. पोलाद स्प्रिंगसारखं परत जागेवर येतं. सरळ व्हायला त्याला सरळच्या थोडं पलीकडे न्यावं लागतं, म्हणजे दाबात असताना बार उलट्या बाजूला किंचित वाकलेला दिसला पाहिजे. किती पलीकडे हे कोणी सांगू शकत नाही, प्रत्येक बार वेगळा. म्हणून पुढच्या खेपेला पाव फेरा जास्त, मग अजून पाव, दरवेळी सोडून बघायचं. मी पहिल्यांदा उत्साहात एकदम दोन फेरे दिले आणि बार पलीकडे वाकला, मग तो परत अलीकडे, असं करत एकाच जागी चार वेळा इकडून तिकडे. तार मागे-पुढे वाकवून तोडतात ना, तेच आपण बाराचं करत असतो.

कमान लांब असेल तर एकाच खुणेवर दाबू नका, खुणेपासून दोन-दोन इंच दोन्हीकडे सरकत थोडं थोडं दाबत जा. एकाच जागी सगळं काढलं तर कमानीच्या जागी इंग्रजी एस तयार होतो, आणि तो काढणं म्हणजे डोकेदुखी.

व्हाईस नसेल तर

सपाट कापलेला जाड ओंडका घ्या, त्यावर दोन रिपा आठेक इंचाच्या अंतराने समांतर ठेवा, बार त्यावर फुगारा वर करून आडवा. फुगाऱ्यावर लाकडाचा तुकडा आणि त्या तुकड्यावर हातोडा. बारावर थेट हातोडा कधीच नाही, खड्डा पडतो, आणि तो खड्डा आतून खोबणीत फुगवटा होऊन येतो. घाव मोठा नको, एक-दोन मारून बघायचं. व्हाईसइतकं बारीक काम होत नाही पण चालून जातं. झाडाच्या बेचक्यात बार अडकवून हाताने वाकवणारे पण बघितलेत मी, त्यात वाकाच्या जागेवर ताबा राहत नाही.

पीळ काढायचा तर मागचं टोक लाकडी पट्ट्यांमध्ये व्हाईसमध्ये धरा, आणि नाकाच्या चार-पाच इंच अलीकडे, स्प्रॉकेटवर नव्हे, मोठा ॲडजस्टेबल पाना दोन लाकडी चकत्यांसकट लावून उलट्या दिशेला हळूच पिळा. पुन्हा तेच, थोडं पलीकडे, सोडा, नेम धरून बघा.

आता खरं काम: खोबण

बार सरळ झाला, ओट्यावर उजेड दिसत नाही, तुम्ही खूश. चेन चढवू नका अजून.

बाराच्या मागच्या बाजूला आकडे कोरलेले असतात, ते वाचा. त्यात गेज असतो, म्हणजे खोबणीची रुंदी, १.१, १.३, १.५ किंवा १.६ मिलिमीटर. चेनचे खालचे दात, ज्यांना ड्राइव्ह लिंक म्हणतात, त्यांची जाडी तीच असायला हवी. तुमच्या गावातल्या टू-व्हीलर मेकॅनिककडे टॅपेट सेट करायचा फिलर गेज (वेगवेगळ्या जाडीच्या पात्यांचा जुडगा) असतो, तो दहा मिनिटांसाठी मागून आणा. दोन-तीन पात्या एकत्र करून गेजाएवढी जाडी करा आणि खोबणीत मागून पुढे सरकवत न्या. आमच्याकडे मेकॅनिक बंद होता तेव्हा मी हॅकसॉची दोन ब्लेडं एकावर एक चिकटवून वापरली, एक ब्लेड साधारण ०.६५ मिलिमीटर असतं, दोन मिळून १.३ च्या जवळ जातात. दात वर ठेवायचे, पाठ खोबणीत.

पाती सरकता सरकता जिथे अडते तिथे खोबण मिटली आहे. बहुतेक वेळा वाकाच्याच खुणेवर, आतल्या बाजूला. पातळ चपट्या स्क्रूड्रायव्हरचं टोक आत घालून अगदी हलकं पिरगाळा, पाती घालून बघा, परत पिरगाळा. मनगटाचा जोर पुरे, खांद्याचा लावू नका, कड कडक आहे म्हणजे ती ठिसूळपण आहे, तिचा टवका उडाला तर बार गेलाच.

उलट, पाती कुठे लटलट हलत असेल तर तिथे खोबण पसरली आहे. ती मिटवायला योग्य जाडीची पाती आत ठेवून, ऐरणीवर बार आडवा घेऊन, लाकडाच्या तुकड्यावरून बारीक ठोके देतात. होतं, पण फार दिवस टिकत नाही. पसरलेला भाग चार-पाच इंचापेक्षा लांब असेल तर मी नवीन बार घ्या म्हणेन.

मग कडांची उंची. बार खोबणीवर उभा करा, सपाट ओट्यावर, आणि सुताराचा गुण्या त्याच्या अंगाला लावा. बार गुण्याला चिकटून उभा राहिला तर दोन्ही कडा सारख्या. एकीकडे कलला तर एक कड बसली आहे, आणि मग चेन कलून धावते आणि काप गोल जातो, तुम्ही सरळ धरलंत तरी. ह्यावर उपाय म्हणजे सपाट कानस. कानस काटकोनात राहायला हवी म्हणून एका लाकडी ठोकळ्याला खाच करून तीत कानस अडकवा, ठोकळा बाराच्या अंगाला टेकवून कानस लांब लांब ओढा, बाराच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत, एकाच जागी घासत बसू नका. उंच कड खालच्या कडेएवढी झाली की थांबा. शेवटी कडांच्या बाहेर जी ब्लेडसारखी कोर आलेली असते ती तिरक्या कानशीने उडवा. ही कोर हात कापते, मोज्याशिवाय बोट फिरवायचं नाही. माझ्या अंगठ्यावर आहे खूण.

नाकातलं स्प्रॉकेट बोटाने फिरवा. खरखर चालेल, ग्रीस दिलं की जाते. पण वर-खाली ढिलं हलत असेल किंवा एका जागी अडत असेल तर नाक दबलंय. काही बारांचं नाक रिव्हेट काढून बदलता येतं, स्वस्त बारांचं नाही.

चेन आणि मशीन विसरू नका

पहार लावली तेव्हा जोर फक्त बारावर आला नव्हता. मशीनमधून बाहेर येणारे बाराचे दोन बोल्ट बघा, सरळ आहेत का, पाळंमुळं हललीत का. चेन ताणणारी छोटी पिन बाराच्या भोकात नीट बसते का. बारातलं ऑईलचं भोक कचऱ्याने बंद आहे का. चेन जमिनीवर पसरून एकेक ड्राइव्ह लिंक बोटाने चाचपा, एखादी दबून जाड झाली असेल तर ती सरळ केलेल्या खोबणीत पुन्हा अडकणार आणि तुम्ही बाराला शिव्या देणार. एखाद-दुसरीला कंगोरा असेल तर कानशीने काढा. दोन-चार वाकड्या असतील तर चेन बदला.

चढवताना चेन हाताने पूर्ण फिरवून बघा, इंजिन बंद, मोजे हातात. एका ठराविक जागी जड जाते का? जात असेल तर खूण करा आणि खोबणीकडे परत. ताण देताना बाराचं नाक वर उचलून धरायचं आणि तसंच धरून नट आवळायचे. मधोमध चेन ओढून सोडली की टपकन जागेवर बसली पाहिजे, खाली लोंबता कामा नये.

एक पट्टी बाराच्या अंगाला आणि चेनच्या दाताच्या बाजूला टेकवून बघा. पट्टी आणि बार यात थोडी फट दिसली तर चेन खोबणीत उभी आहे. फट नाही, पट्टी बारालाच चिकटली, तर चेन कललेली, म्हणजे खोबण अजून ढिली आहे.

चाचणी

आडवं पडलेलं, जमिनीवर नीट टेकलेलं, वीतभर जाडीचं साधं लाकूड घ्या. सुरू किंवा ऑस्ट्रेलियन बाभूळ चालेल, पहिल्याच चाचणीला फणसाचा बुंधा नको. हेल्मेट, चष्मा, बूट. आधी रिकामं मिनिटभर चालवा, बंद करा, हाताची मागची बाजू बाराजवळ नेऊन बघा, एखादी जागाच जास्त तापली असेल तर तिथे चेन घासतेय. मग मशीनच्या वजनाने कापू द्या, दाबू नका.

काप सरळ गेला तर उत्तम. एका बाजूला वळला तर लगेच बार दोषी धरू नका, चेनचे डावे-उजवे दात सारखे लावलेले नसतील तरी असंच होतं. ओळखायचं कसं, तर बार उलटा करा, म्हणजे वरची कड खाली, चेन तीच, आणि परत कापा. वळण उलट्या दिशेला गेलं किंवा गायब झालं तर दोष बारात. त्याच दिशेला राहिलं तर दोष चेनमध्ये, तिला धार लावा. आणि बार असाही अधूनमधून उलटा करत राहायचाच, दोन्ही कडा सारख्या झिजतात.

उभं झाड मात्र सरळ केलेल्या बाराने पाडू नका, निदान दोन-चार टाक्या पेट्रोल आडव्या लाकडावर जाईपर्यंत. (आणि उभं झाड तोडायचं तर वनखात्याची परवानगी लागते का ते आधी विचारा, आपल्या मालकीच्या जागेत असलं तरी.)

पावसाळ्यात ठेवताना

आपल्याकडची हवा खारट, त्यात चार महिने ओल. बार सरळ करून पडवीच्या कोपऱ्यात टेकवून ठेवलात तर गणपतीपर्यंत खोबणीत गंज धरतो आणि केलेली सगळी मेहनत वाया. धुवून, कोरडा करून, खोबणीत बार ऑईल सोडून, तेलकट फडक्यात गुंडाळून खिळ्याला टांगा. टेकवून ठेवू नका, त्यावर कोणीतरी काहीतरी ठेवतंच. गाडीचं जळकं ऑईल बाराला वापरतात बरेच जण, फुकट असतं म्हणून. ते चेनवर टिकत नाही, त्यात धातूचा बारीक कचरा असतो आणि शिंतोडे सगळे आपल्याच विहिरीशेजारच्या मातीत जातात.

माझा तो केळ्यासारखा बार अजून आहे. त्याच्या मागच्या टोकाला लाल ऑईलपेंटची रेघ मारून ठेवलीय आणि मुळं-बिळं, जमिनीलगतची माती लागणारी कापणी आली की तो लावतो, चांगला बार मांगरात टांगलेला राहतो. गेल्या मे महिन्यात शेजारचा पोरगा मशीन मागायला आला, म्हणाला, "दादा, लाल रेघवाला देऊ नका हां." म्हटलं, तोच नेणार तू, आणि पहार घरी ठेवून जायचं.